रकाना चौथा : घरचे वातावरण

कोन, पनवेल
१६ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझ्या डोंगरावर रेंज नाही ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर बोलायचं तर घरात सगळे कान टवकारून बसतात. बाबा मधूनच "काय म्हणते ती?" विचारतात आणि फोन पुढे केला की उठून अंगणात जातात. तुम्हा बहीण-भावाचं काय बिनसलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले. डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षात शिकवायला शिकवतील अशी माझी भाबडी समजूत होती. इथे लिहायला शिकवतात. पाठाचं टाचण, निरीक्षण वही, अहवाल, अहवालाची अनुक्रमणिका. सूक्ष्म पाठ म्हणून पाच मिनिटं शिकवायचं असतं आणि आपल्याच वर्गातल्या पोरी समोर विद्यार्थी होऊन बसतात. माझ्या पाठाला खारघरच्या दोघी तोंडात बोट घालून बसल्या होत्या. मी चित्र दाखवून विचारलं, "ह्ये काय हाय?" घाईत निघून गेलं तोंडातून. दोन दिवस सगळा वर्ग एकमेकींना तेच विचारत होता. तेव्हापासून मी एकेक शब्द पाखडून बोलते. कुठली म्हणून कुणी विचारलं तर 'एक्स्प्रेसवेजवळ राहते' एवढंच सांगते.

आता खरी अडचण. सरावासाठी आम्हाला पनवेलच्या एका शाळेत पाठवलंय. तिथलं एक मूल निवडून त्याचा 'व्यक्ती अभ्यास' लिहायचा आहे. मी तिसरीतली भाविका घेतली. खाडीपलीकडच्या गावातून रिक्षाने येते. आई नाही. वडील काशीराम होडीवर जातात, घरी आजी असते. पोर वर्गात पेंगते, वाचायला सांगितलं तर जमिनीकडे बघते, आणि काहीही विचारलं तरी "हो बाई" म्हणते. मी हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. कुमार सरांनी अहवाल परत दिला. म्हणाले, "समस्या आहे, उपाय आहे, मधलं कारण कुठे आहे? चौथा रकाना, घरचे वातावरण, तीन ओळींत आटोपलाय." पाच तारखेच्या आत पुन्हा लिहून द्यायचाय.

बाबांनी एका वर्षाच्या बोलीवर पाठवलंय हे तुला माहीत आहे. एका विषयात जरी अडकले तरी घरी बसवणार. तूच भांडून मला पाठवलंस, आता तूच सांग काय लिहू.

तुझी,
कीर्ती

---

बिलपाडा, ता. धडगाव
२४ नोव्हेंबर २०२५

कीर्ती,

पत्र वाचून आधी हसले आणि मग त्या खारघरच्या पोरींना इथे बोलवावंसं वाटलं. माझ्या वर्गात चाळीस पोरं आहेत आणि त्यांच्या भाषेत मला अजून धड पाणी मागता येत नाही. बावीस वर्षं झाली, रोज हसतात मला. काही बिघडत नाही.

अहवालाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या वेळीही हेच होतं. सरांना कारण हवं असतं, म्हणजे त्यांना उपायासमोर बरोबरची खूण करता येते. माळ्यावर माझी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या डी.एड.च्या फायली असतील, उंदरांनी ठेवल्या असतील तर. निळ्या कव्हरची काढ आणि चौथा रकाना कसा मांडतात ते बघ. मला त्यात पैकीच्या पैकी होते, उगाच नाही सांगत.

आणि हे ध्यानात ठेव, त्या फायली कुणी वाचत नाही. त्यांची जाडी बघतात. जाड लिही, स्वच्छ लिही आणि मोकळी हो. शिकवायचं ते वर्गात उभी राहिलीस की शिकशील.

दादाला माझा नमस्कार सांगू नकोस, तो विचारेल तरच सांग.

मनिषाआत्या

---

कोन
७ डिसेंबर २०२५

आत्या,

चोवीस! पंचवीसपैकी चोवीस! कुमार सरांनी माझा चौथा रकाना सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. खारघरच्या दोघी माझी वही मागायला आल्या, मी दिली नाही. सर म्हणाले, निरीक्षण कसं असावं त्याचा हा नमुना. ते तो शाळेच्या मोठ्या बाईंनाही दाखवणार आहेत.

तुझ्या निळ्या फाइलचा थोडा आधार घेतला. काय लिहिलंयस गं तू! मी माळ्यावरच बसून वाचली. त्यातली ती मुलगी, कमळा नाव दिलंयस तिला, ती कुठल्या शाळेतली? तिचं पुढे काय झालं?

बाबांनी मार्क ऐकून "बरं" म्हटलं. त्यांच्या तोंडून एवढंही पुष्कळ झालं.

कीर्ती

---

बिलपाडा
१५ डिसेंबर २०२५

कीर्ती,

तुझं पत्र आजच्या बाजारात हाती आलं आणि मी तिथेच, पोस्टाच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे.

थोडा आधार म्हणजे किती? मांडणी घेतलीस की मजकूर? 'वडील व्यसनी असून घरी आल्यावर मारहाण करतात' इथपासून 'मुलगी पावलांच्या आवाजाला दचकते' इथपर्यंतचा परिच्छेद उचललास का? खरं सांग. तसं असेल तर तो अहवाल मोठ्या बाईंच्या हातात जाण्याआधी परत माग. सरांना सांग पानं सुटली आहेत, काहीही सांग.

मी फायली कुणी वाचत नाही असं लिहिलं ते चेष्टेत. पण त्या मुलीचा बाप हा खरा माणूस आहे, त्याला नाव आहे, गाव आहे. माझ्या फाइलमध्ये नाव खोटं होतं.

उलट टपाली कळव.

मनिषाआत्या

---

कोन
२ जानेवारी २०२६

आत्या,

तुझं पत्र बावीस तारखेला मिळालं. मी तेव्हाच सरांकडे गेले होते, शपथेवर सांगते. पण अहवाल त्याआधीच मोठ्या बाईंकडे गेला होता. आणि त्यांनी तो वाचला, आत्या. सबंध वाचला.

त्यांनी भाविकाला ऑफिसात बोलावलं. मला शेजारी उभं केलं, कारण मी 'निरीक्षक' ना. बाई वाईट नाहीत. पोरीला मांडीजवळ घेऊन प्रेमाने विचारत होत्या, "बाबा दारू पितात ना बाळा?" "हो बाई." "मारतात ना?" "हो बाई." "हे हातावरचं त्यांनीच केलं ना?" "हो बाई." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले.

मग बालसंरक्षणवाल्या बाई आल्या, कागद झाले आणि तीस तारखेला भाविकाला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तेवीस जानेवारीला बालकल्याण समितीपुढे सुनावणी आहे. तिथे ठरेल ती घरी जाणार की तिथेच राहणार. वडिलांना तोवर भेटायची परवानगी नाही.

तू विचारलंस ते सांगते. मी परिच्छेद उचलला. पण अगदीच हवेतून नाही. तिच्या दोन्ही हातांवर जखमा होत्या, बारीक बारीक, काही ओल्या. त्या बघून मला खरंच संशय आला होता. वाटलं, कुणी सांगावं, असेलही तसं.

काशीराम काल शाळेत आले होते. पायात चप्पल नव्हती. शिपायाने दारात अडवलं तर तिथूनच ओरडत होते, "माझी पोर कुठं हाय? मी तिला कदी बोट लावलं नाय! कोनी लिवलं ते मला दावा!" मी स्टाफरूमच्या पडद्यामागे उभी होते. कुमार सर मला म्हणाले, "घाबरू नको, सगळेच बाप असं म्हणतात."

काय करू? तू सांगशील तसं करते.

कीर्ती

---

बिलपाडा
८ जानेवारी २०२६

कीर्ती,

नीट वाच आणि मी सांगते तसंच कर.

तू काही बोलू नकोस. समितीतली माणसं असली प्रकरणं रोज हाताळतात. ती घरी जाऊन बघतील, शेजारी विचारतील, बाप तसा नसेल तर पोर परत जाईल. तू मध्ये पडून काय साधणार? कॉलेज तुला काढेल, नाही काढलं तर वर्ष बुडेल. दादा तर कारणच शोधतोय. एकदा घरी बसलीस की दोन वर्षांत लग्न लावून देईल आणि मग मी इथून काय करू शकणार आहे?

निळी फाइल जाळून टाक. पेटीत परत ठेवू नकोस, जाळ. कुणी विचारलं तर माझं नाव घ्यायचं नाही आणि अशी फाइल होती हेही सांगायचं नाही.

हे पत्रही ठेवू नकोस.

मनिषाआत्या

---

कोन
१४ जानेवारी २०२६

आत्या,

संक्रांत आहे म्हणून तिळगूळ घे म्हणते, पण गोड बोलायची माझी इच्छा नाही.

फाइल जाळली नाही. चुलीपाशी नेली होती. पण हात धजला नाही, कारण मला एकच गोष्ट कळेना. पंधरा डिसेंबरला तू लिहितेस की अहवाल परत माग, त्या बापाला नाव आहे, गाव आहे. आणि तीन आठवड्यांत त्या बापाचं नाव-गाव तू विसरलीस? तुला फाइलची काळजी आहे, पोरीची नाही. माझ्या वर्षाचं कारण पुढे करू नकोस. तू मला आजवर कधी भ्यायला शिकवलं नाहीस, हे पहिलंच पत्र.

पण तुझ्यावर तोंड टाकायला मी तरी कोण? मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. मला संशय वगैरे काही आला नव्हता. भाविकाचे हात बघितले त्याच दिवशी मला कळलं होतं ते कशाने झालंय. ती कालवं फोडायला जाते. खडकावरचं कालव कोयतीने उचकटताना शिंप लागते, बोटांना आणि मनगटाच्या आतल्या बाजूला. अशाच बारीक जखमा, आणि खाऱ्या पाण्याने त्या भरत नाहीत. आजीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, हाताला होत्या. मला आंघोळ घालताना तिचे हात खरखरीत लागायचे. पनवेल-उरणच्या खाडीकाठी कुणालाही विचार, नुसता हात बघून सांगेल. ओहोटी पहाटे असली की पोर आजीबरोबर जाते आणि मग वर्गात पेंगते. एवढंच कारण होतं. चौथ्या रकान्यात ते दोन ओळींत मावलं असतं.

मी ते लिहिलं नाही कारण सरांनी वर्गात वाचलं असतं. "कालवं म्हणजे काय?" कुणी तरी विचारलं असतं, "कीर्तीला कसं माहीत?" आणि मला सांगावं लागलं असतं की माझी आजी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायची. त्या दोघी पुन्हा हसल्या असत्या. एवढ्यासाठी, आत्या. दोन पोरी हसतील म्हणून मी एका माणसाला दारुडा केला.

काशीराम रोज शाळेच्या फाटकासमोर येऊन बसतात. ओरडत नाहीत आता. सुट्टीची घंटा झाली की उभे राहतात, सगळी पोरं बाहेर पडेपर्यंत बघतात आणि मग जातात. पोर तिथे नाही हे त्यांना माहीत आहे.

तेवीसला मी काय करणार ते मला माहीत नाही. बोलायचं ठरवते आणि जेवताना बाबांचं तोंड बघितलं की गळपटते.

कीर्ती

---

बिलपाडा
१८ जानेवारी २०२६

कीर्ती,

आमचे एक गुरुजी शहाद्याला निघालेत, त्यांच्याजवळ हे देते आहे. तिथून स्पीडपोस्टाने टाकतील. तेवीसच्या आत पोचावं म्हणून जिवाचा नुसता आटापिटा चाललाय.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू मला बोललीस ते बरोबर आहे. मला फाइलची काळजी होती.

त्या फाइलमधली कमळा मी आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मलाही असंच एक मूल निवडायचं होतं. सरांनी असंच 'कारण' मागितलं. मी ज्या मुलाकडे बघत होते त्याच्या घरी सगळं ठीक होतं. मग मी एका बैठकीत माझंच लिहून काढलं. नाव कमळा दिलं, गाव बदललं. बाकी सगळं तसंच आहे. दारू, कंबरेचा पट्टा, आईला अंगणात ओढत आणणं, पावलांच्या आवाजाला दचकणं. तुझे आजोबा, विठू पाटील. ज्यांचं नाव देवळाच्या सभामंडपाच्या पाटीवर आहे आणि ज्यांच्या फोटोला तू दसऱ्याला हार घालतेस. गावासाठी त्यांनी पुष्कळ केलं, तेही खोटं नाही. पण घरात ते असे होते. ते जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांच्या दहाव्याला आले नाही. म्हणून दादा माझ्याशी बोलत नाही. त्याला सगळं माहीत आहे, त्याने माझ्याइतकाच मार खाल्लाय. पण घरातलं घरात राहावं असं त्याचं म्हणणं आणि मी ते कागदावर उतरवलं हे त्याला कळलं तर तो मला कायमची तोडेल, ही माझी भीती. त्या भीतीपोटी मी तुला गप्प राहा म्हणाले. वाईट सल्ला दिला. शिक्षिका म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.

तेव्हा आता ऐक. सुनावणीला जा. निळी फाइल बरोबर ने आणि समोर ठेव. तुझा परिच्छेद आणि माझा परिच्छेद शेजारी ठेवले की त्यांना दिसेल. माझं नाव घे, शाळेचा पत्ता दे. हे कुठल्या बापाबद्दल लिहिलंय असं विचारलं तर तेही सांग. काशीरामच्या पोरीला घरी जाऊ दे. आपल्या घरातली घाण त्याच्या दारात टाकायचा तुला आणि मला काहीही हक्क नाही.

वर्ष गेलं तर जाऊ दे. दादाचं मी बघेन.

मनिषाआत्या

---

कोन
८ फेब्रुवारी २०२६

आत्या,

तुझं स्पीडपोस्ट चोवीसला आलं. सुनावणी आदल्या दिवशी होऊन गेली होती.

मी गेले. तुझं पत्र हाती नसतानाच गेले, हे तुला आवडेल म्हणून पहिल्यांदा सांगते. फाइल पिशवीत होती. तू जाळ म्हणाली होतीस आणि मी तुझी परवानगी न घेता ती टेबलावर ठेवली. त्याची माफी मागणार होते, आता मागत नाही.

कॉलेजने पालकांना बोलावलं होतं म्हणून बाबाही होते. एका बाकावर बाबा, पलीकडे काशीराम आणि भाविकाची हौसाआजी, मोठ्या बाई, कुमार सर, टेबलामागे समितीच्या दोन बाई. भाविकाला वसतिगृहाच्या ताई घेऊन आल्या. तिला तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. तिने काशीरामांकडे बघितलं आणि लगेच मोठ्या बाईंकडे बघितलं, बघितलं तर चालेल ना अशा नजरेने.

मी उभी राहिले. म्हणाले, "हा परिच्छेद मी माझ्या आत्याच्या जुन्या फाइलमधून उतरवलाय. यातलं भाविकाच्या घरचं एक अक्षर नाही." कुमार सर पुटपुटले, "कीर्ती, खाली बस." समितीच्या बाईंनी मलाच विचारलं, "तुला कुणी धमकावलंय का? गावातलं कुणी घरी आलं होतं?" मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलीने स्वतः तीनदा कबूल केलंय, मी साक्षीदार आहे." माझं खरं कुणालाच पटेना. लिहिलेलं खोटं जसं पटकन पटलं होतं तसं काही होईना. एक बाई तर कागदावर काहीतरी लिहायलाही लागल्या.

मग मी म्हणाले, मला तिला एक प्रश्न विचारू द्या. परवानगी मिळाली. मी तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि विचारलं, "भाविका, हाताला काय झालं गो?" तिला 'हो बाई' म्हणता येईना, कारण तसं उत्तर त्यात बसत नव्हतं. मी म्हणाले, "मी बी कोन गावची हाय. माझी आजी बी कालवां फोडायची." मागे कोण कोण ऐकतंय हे मला माहीत होतं. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोयतीनं?"

आणि मग ती बोलत सुटली. तीन महिन्यांत मी तिच्या तोंडून सलग एक वाक्य ऐकलं नव्हतं. कोयती कशी धरायची, शिंप कुठून उघडायची, कुठल्या खडकावर पाय सरकतो, हात चिरला की पान्यात बुडवायचा नाय, बाबा आजीला कसा ओरडतो, "पोरीला नेव नको सांगितलंय ना तुला," आणि मग हळद लावतो. हौसाआजी मोठ्याने रडायला लागली. म्हणाली, "येकटी कशी ठेवू तिला घरी? मी काय करू?"

समितीच्या बाईंनी फाइल आणि माझा अहवाल शेजारी ठेवून वाचले. शाळेच्या दिवशी पोरीला कालवांना नेणार नाही असं आजीकडून आणि काशीरामांकडून लिहून घेतलं, अंगठे घेतले. लगेच सोडलं नाही. आधी घर बघून आले आणि सव्वीसला दुपारी भाविका घरी गेली.

माझं सांगते. माझं सगळं प्रात्यक्षिक रद्द झालंय. पहिलं वर्ष पुन्हा करावं लागेल, तेही प्राचार्यांनी घेतलं तर. कुमार सरांना काही झालं नाही.

बाबांनी त्या टेबलावरून फाइल उचलली आणि तिथेच उभ्याने वाचली. मला वाटलं एखादं पान चाळतील. पुरी वाचली. तुझं अक्षर ते ओळखतात. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं आणि मी ते आधी वाचलं, मग त्यांच्यासमोर ठेवलं. तू रागावलीस तर रागाव. ते वाचून बाबा मला म्हणाले, "पट्ट्याचं तिनं कमीच लिवलंय." आणि परसात जाऊन बराच वेळ उभे राहिले. माझ्या कॉलेजचं काय करायचं ते अजून बोलले नाहीत. तुझा पत्ता मात्र त्यांनी पाकिटावरून स्वतःच्या वहीत उतरवून घेतलाय.

आज रविवार. मी एकटीच भाविकाच्या गावी गेले होते. काशीराम ओट्यावर जाळं शिवत होते. मला बघितलं, 'बसा' म्हणाले नाहीत. हौसाआजीने पाणी दिलं. मी उभ्यानेच माफी मागितली. काशीरामांची सुई चालूच. मी जायला वळले तर भाविका आतून आली आणि माझ्या ओढणीला धरून हळूच विचारलं, "बाई, माझं उत्तर चुकलं का? मी हो बोलले म्हणून मला नेली ना?"

आत्या, सत्तावीस दिवस ती पोर हे मनात घेऊन तिथे राहिली होती.

मी म्हणाले, "नाय गो. तू नाय चुकलीस. मी चुकले. तुझ्या बाबांबद्दल मी खोटं लिवलं." तिने थोडा विचार केला. आत गेली, वही-पेन्सिल घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. "मंग धा येला लिवा. चुकलं का आमच्या बाई धा येला लिवायला लावतात."

मी काशीरामांकडे बघितलं, ते जाळ्याकडे बघत होते. मी ओट्याच्या कडेला, जमिनीवर बसले आणि लिहायला लागले. 'भाविकाचे बाबा तिला मारत नाहीत.' ती शेजारी बसून बोटांवर मोजत होती. आठव्याला माझे डोळे भरून अक्षर दिसेना म्हणून थांबले तर म्हणाली, "अजून दोन."

दहा झाल्यावर तिने वही माझ्या हातातून घेतली, बापापाशी जाऊन बसली आणि वाचायला लागली. वर्गात जमिनीकडे बघणारी पोर अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. पहिलं वाक्य अडखळत वाचलं. चौथ्यापर्यंत पाठच झालं होतं, तरी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तिने ते नव्याने वाचलं. काशीरामांना वाचता येत नाही. सहाव्या ओळीला त्यांचा हात थांबला. दहाही ओळी त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या, पोरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा."

कीर्ती